वसईचा दुभाषी, नागासाकीचा रक्तसाक्षी

कोल्हापूरच्या माणसाला हौतात्म्याचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. तो पन्हाळ्याच्या वाटेवरच भेटतो. १६६०च्या जुलैमध्ये नेबापूरचे शिवा काशीद शिवरायांच्या वेषात पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती सापडून मेले. त्याच रात्रीच्या वाटेवर पुढे बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले, आणि ज्याने स्वतःलाच अर्पण केले तो हुतात्मा. मराठी ख्रिस्ती समाजात याच अर्थाने दुसरा एक शब्द रूढ आहे, 'रक्तसाक्षी'. युरोपीय भाषांमधला हुतात्म्यासाठीचा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असाच होता, आणि आपल्या बोलीत मुरलेल्या 'शहीद' या अरबी शब्दाच्या मुळाशीही साक्षच आहे. हुतात्म्याच्या बाबतीत आपण त्याने काय दिले ते पाहतो. रक्तसाक्ष्याच्या बाबतीत प्रश्न बदलतो: त्याने कशाची साक्ष दिली, आणि ती खरी कशावरून? महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या एका माणसाला हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो गेल्या सव्वाचारशे वर्षांत मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. त्या माणसाचे नाव संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईत, १५५६-५७च्या सुमारास. मृत्यू जपानमधल्या नागासाकीत, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, क्रुसावर. भारतात जन्मलेल्या ज्या व्यक्तींना कॅथलिक चर्चने संतपद दिले, त्यांतले ते पहिले.

त्यांच्याबद्दल जे थोडे लिहिले-बोलले जाते त्यात दोन टोके दिसतात. भाविकांच्या लेखी ते श्रद्धेसाठी प्राण देणारे संत आहेत, आणि तेवढे म्हटले की त्यांच्या दृष्टीने सारे सांगून झाले. इतरांच्या लेखी ते पोर्तुगीज राजवटीच्या सावलीत वाढलेले, युरोपीय विस्ताराच्या ओघात परदेशी जाऊन मेलेले कोणी परके. माझ्या मते दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. गोन्सालोंच्या आयुष्याचा मुख्य धागा भाषेचा आहे. ते राजे नव्हते, सेनापती नव्हते, दीक्षित धर्मगुरूही नव्हते. ते दुभाषी होते. दोन बाजूंच्या मध्ये उभे राहायचे, एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवायचे आणि दोघांच्याही संशयाचे धनी व्हायचे, हे दुभाष्याच्या वाट्याला येतेच. गोन्सालोंचे मरण या मधल्या जागेवरून आले. ते तसे समजून घेतले, तर त्यांना साम्राज्याच्या खात्यावर मांडता येत नाही आणि परके म्हणून बाजूलाही सारता येत नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत ती त्यांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे बनली. किल्ल्यात चर्च, मठ आणि विद्यालये उभी राहिली. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे घरात वडिलांची पोर्तुगीज आणि आईकडून उत्तर कोकणातली बोली अशा दोन भाषा त्यांच्या कानावर पडत असणार. किल्ल्यातल्या जेझुइट म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंकडे ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की आठेक वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून लोकांत वावरले. त्यांची इच्छा येशूसंघात प्रवेश मिळावा ही होती. तो मिळाला नाही. त्या काळात आशियातल्या येशूसंघाचा कारभार पाहणारे अलेस्सांद्रो व्हालिन्यानो हे हिंदुस्थानी आणि मिश्र वंशाच्या उमेदवारांना संघात घेण्याच्या विरोधात होते, आणि चरित्रकार या नकाराचे कारण गोन्सालोंच्या जन्मातच शोधतात. ज्यांची भाषा संघाला हवी होती, त्यांना संघात जागा नव्हती. त्यांनी संघ सोडला आणि व्यापार सुरू केला. पूर्वेकडच्या बंदरांतून त्यांचा जम बसला, पैसा आला, ओळखी वाढल्या. मग मनिलामध्ये त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली. १५८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चालता व्यापार सोडून या अनवाणी, भिक्षेवर जगणाऱ्या संघात प्रवेश केला. धर्मगुरूची दीक्षा त्यांनी घेतली नाही; संघात ते शेवटपर्यंत ब्रदर राहिले.

हा टप्पा नीट पाहायला हवा, कारण पुढच्या साक्षीची पारख इथेच सुरू होते. स्वार्थासाठी धर्म पांघरणारा माणूस पैसा येऊ लागल्यावर धर्माकडे वळत नाही, आणि अधिकाराची हाव असलेला माणूस संघातली सर्वांत खालची पायरी पत्करत नाही. एका संघाने नाकारल्याचा सल मनात धरून ते जन्मभर व्यापारी राहिले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. ते परत त्याच वाटेवर आले, आणि आले तेही हातचे सोडून.

१५९३ साली त्यांच्या भाषेची किंमत एकाएकी वाढली. जपानवर तेव्हा तोयोतोमी हिदेयोशींची सत्ता होती. विखुरलेला देश त्यांनी आपल्या हाताखाली आणला होता, कोरियावर सैन्य धाडले होते, आणि स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्सने आपली अधिसत्ता मान्य करावी अशी मागणी केली होती. मनिलाच्या गव्हर्नरला युद्ध परवडणारे नव्हते. त्याने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना दूत म्हणून पाठवले आणि सोबत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालोंना. क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात, कोरियाच्या मोहिमेच्या छावणीत, हिदेयोशींसमोर ही भेट झाली. हिदेयोशींना शरणागती हवी होती, मनिलाला वेळ हवा होता, आणि या दोन इच्छांच्या मध्ये वसईचा माणूस जपानी बोलत उभा होता. तिथे एक शब्द कमी-जास्त झाला असता तर त्याची किंमत केवढी झाली असती, याचा विचार आज करता येतो. भेट निभावली. संन्याशांना जपानमध्ये राहू देण्यात आले, क्योतोत जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले. दरबारात वापरलेली भाषा आता रुग्णांच्या खाटांशी वापरायची होती. दुभाष्याचे काम संपले नव्हते. ते फक्त दरबारातून वस्तीत आले होते.

तीन वर्षांनी एका जहाजाने सारे पालटले. मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोकडे निघालेले 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून १५९६च्या ऑक्टोबरमध्ये शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरचा माल हिदेयोशींच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. तेव्हा जहाजाच्या सुकाणूदाराने स्पेनच्या बळाची फुशारकी मारली आणि आधी मिशनरी येतात, मागून सैन्य येते असे सांगितले, अशी कथा आहे. तो नेमके काय बोलला याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन दोघेही नंतर एकमेकांवर ठपका ठेवत राहिले. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. डिसेंबरात क्योतो आणि ओसाका इथल्या संन्याशांवर पहारे बसले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे जपानी गृहस्थाश्रमी ख्रिस्ती असे २४ जण धरले गेले. जानेवारी १५९७च्या सुरुवातीला क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली गेली, आणि नंतर ऐन थंडीत शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागासाकीकडे त्यांना चालवत नेले. ही वाट सुमारे महिनाभराची होती. नागासाकीत ख्रिस्ती वस्ती सर्वांत दाट होती, म्हणून धाक बसवण्याची जागाही तीच ठरली. वाटेत आणखी दोघांची भर पडली आणि संख्या २६ झाली. त्यांतले २० जण जपानमधले होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता.

५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर २६ क्रूस ओळीने उभे केले गेले. कैद्यांना दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रुसांना जखडून मग भाल्यांनी भोसकले. पाउलो मिकी या जपानी येशूसंघीयाने क्रुसावरूनच जमलेल्यांना सांगितले, की मी जपानीच आहे आणि केवळ या शिकवणीसाठी मरतो आहे. गोन्सालोंबद्दल अशी परंपरा आहे, की टेकडीवर पोचताच एका क्रुसाकडे जाऊन त्यांनी 'माझा हाच का?' असे विचारले. तो नव्हे, हे कळल्यावर ते आपल्या क्रुसापाशी गेले आणि गुडघे टेकून त्यांनी तो कवटाळला. असे तपशील भक्तीच्या ओघात घडत जातात, असे कोणी म्हणेल, आणि ती सावधगिरी रास्त आहे. मात्र मूळ घटनेचा पुरावा भक्कम आहे, आणि त्याचे बळ एका विलक्षण गोष्टीत आहे. फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा त्या वेळी जपानमध्येच होते. त्यांचा इतिहासग्रंथ १६०१ साली बार्सिलोनात छापला गेला. येशूसंघीय लुईस फ्रोइश नागासाकीत होते. त्यांनी घटनेनंतर सहाच आठवड्यांत, १५ मार्च १५९७ या तारखेचे सविस्तर निवेदन लिहिले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांचे निधन झाले. जपानमध्ये कोणी धर्मप्रसार करायचा यावरून या दोन संघांत कडवे भांडण होते. १५८५ साली पोपने जपान येशूसंघासाठी राखून ठेवले होते आणि फ्रान्सिस्कनांचे येणे त्या संघाला खुपत होते. एकमेकांच्या चुका काढायला टपलेले दोन पक्ष एकाच घटनेची एकच हकिकत सांगतात, तेव्हा ती साक्ष मानावी लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत सोपा वाटतो: वडील पोर्तुगीज, नाव पोर्तुगीज, मग हे आपले कसे? २००८ साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी भारताच्या पहिल्या संत असा झाला, आणि पहिल्या भारतीय महिला संत हे त्यांचे खरे वर्णन बाजूला पडले. त्यामागे हाच तर्क होता. त्याला उत्तर गोन्सालोंच्या शेजारच्या क्रुसांच्या ओळीतच आहे. २६ जणांत फेलिपे दे हेसूस हे तरुण फ्रान्सिस्कन होते. जन्म मेक्सिको शहरातला, आईवडील दोघेही स्पेनहून आलेले. दीक्षा घेण्यासाठी मायदेशी निघाले असता ते 'सान फेलिपे' जहाजावरून जपानच्या किनाऱ्याला लागले आणि इतरांबरोबर मेले. मेक्सिकोने त्यांना आपला पहिला संत मानले. दोन्हीकडून युरोपीय रक्त असलेला मुलगा मेक्सिकोचा ठरतो, आणि जिची मुळे इथेच होती अशा आईचा, इथेच वाढलेला मुलगा आपला ठरत नाही, हे कोणत्या मापाने? रक्ताचा हिशेब करून ज्यांनी गोन्सालोंना येशूसंघात घेतले नाही, त्यांचेच माप आपण उलट्या बाजूने वापरत असतो. तेव्हा ते पुरेसे युरोपीय नव्हते, आज ते पुरेसे भारतीय नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या सत्तेच्या छत्राखाली वसईत चर्च उभे राहिले, त्याच सत्तेने गोव्यात देवळे पाडली आणि १५६०पासून धर्मन्यायासन चालवले. गोन्सालो जपानकडे असताना, जुलै १५८३ मध्ये, गोव्याच्या कुंकळ्ळीत रोदोल्फो आक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. चर्चने त्यांना पुढे 'धन्य' म्हणून गौरवले. पण देवळांच्या विध्वंसाने पेटलेल्या कुंकळ्ळीच्या ज्या गावकरांना त्यानंतर असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला म्हणून बोलावून ठार केले, त्यांची नोंद दीर्घकाळ फक्त लोकस्मृतीत राहिली. हे सारे खरे आहे आणि गोन्सालोंच्या चरित्रापेक्षा त्याला कमी जागा मिळता कामा नये. मात्र यावरून गोन्सालोंचे मरण साम्राज्याच्या खात्यात पडते, असा निष्कर्ष निघत नाही. निशिझाकावर त्यांच्या पाठीशी तोफा नव्हत्या. साम्राज्याचा फायदा त्यांच्या व्यापारात होता आणि तो त्यांनी आधीच टाकला होता. बंदरात मालाची आणि बळाची भाषा बोलणारे दुसरेच होते; त्या भाषेची किंमत मात्र रुग्णालयात राबणाऱ्यांनी आणि १२ वर्षांच्या मुलाने मोजली. सत्तेच्या आधाराने धर्म लादणारा आणि सत्तेच्या हातून धर्मासाठी मरणारा यांत भेद करायला हवा, दोघांचा धर्म एकच असला तरीही. हा भेद आपण कुंकळ्ळीच्या गावकरांसाठी करतो. तोच गोन्सालोंसाठी करणे न्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. हिदेयोशींनी १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. मग फ्रान्सिस्कनांनी जाणूनबुजून कायदा मोडला असे का म्हणू नये? यातला काही भाग मान्य करायला हवा. येशूसंघीय त्या हुकमानंतर दबकून, शक्यतो नजरेआड राहून काम करत होते. फ्रान्सिस्कनांनी क्योतोत उघडपणे उपासना आणि प्रवचने चालवली, आणि हा अविवेक आहे अशी टीका त्यांच्याच धर्मबंधूंनी तेव्हाही केली. पण तो हुकूम दहा वर्षे सैलपणे अमलात होता, आणि हे संन्यासी चोरून आलेले नव्हते. ते दूत म्हणून आले आणि हिदेयोशींनीच त्यांना जागा दिली होती. जहाज फुटले नसते तर १५९७ साली हा खटला उभा राहिला असता असे मानायला आधार दिसत नाही. शिक्षा कायद्याच्या भंगाला साजेशी असती, तर त्यांना जहाजात बसवून देशाबाहेर धाडता आले असते. हुकूमही तेवढाच होता. कान कापून महिनाभराची धिंड, त्यात मुलेही, हा देखावा भीती घालण्यासाठी होता.

चौथा आक्षेप संतपदाबद्दल आहे: ते चर्चच्या सोयीने दिले गेले नाही का? या २६ जणांना १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी 'धन्य' म्हणून मान्यता दिली, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये संतपद जाहीर केले. त्याच काळात इटलीच्या एकीकरणात पोपचे प्रदेश हातचे जात होते आणि जगभरच्या बिशपांना एकत्र आणणारा सोहळा त्यांना हवा होता, यात शंका नाही. जाहीर करण्याच्या वेळेला राजकारण असते. त्याने साक्ष खोटी ठरत नाही. ती किती टिकली हे पाहावे लागते. त्याची खूण तीनच वर्षांत मिळाली. नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंनी याच २६ जणांच्या नावे ओउरा इथे चर्च बांधले होते. १८६५च्या मार्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे काही लोक तिथे आले आणि आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे असे हळूच सांगितले. १६१४च्या देशव्यापी बंदीनंतर अडीचशे वर्षे, धर्मगुरूंशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी आपल्या प्रार्थना जपल्या होत्या. ज्या शहरात धाक बसवण्यासाठी क्रूस उभारले, तिथेच तो धाक पुरा पडला नव्हता. बंदी १८७३ साली उठली.

इकडे वसईत काय झाले? मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तो मराठ्यांच्या इतिहासातला अभिमानाचा दिवस आहे आणि तसाच राहायला हवा. त्या विजयानंतर किल्ल्यातले पोर्तुगीज जीवन संपले, वास्तू ओस पडल्या. गोन्सालो ज्यांच्याकडे शिकले त्या येशूसंघीयांचे चर्च आज गोन्सालोंच्याच नावाने ओळखले जाते. गास गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत महाविद्यालय आहे. आणि वसईचा ख्रिस्ती समाज मराठीत राहिला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले तिथून, २०२० सालच्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले तिथपर्यंत, ही परंपरा अखंड मराठी आहे. कोल्हापुरात ख्रिस्ती वस्तीची ओळख १८५२पासूनच्या अमेरिकन मिशनमुळे मुख्यतः प्रॉटेस्टंट आहे. जिल्ह्यातला छोटा कॅथलिक समाज २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतो. राजर्षी शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्यांत भारतीय ख्रिस्ती मुलांचेही एक होते. या नगरीला 'आपले कोण' हे ठरवताना मन मोठे ठेवण्याचा धडा नवा नाही.

गोन्सालोंच्या श्रद्धेत सहभागी न होताही त्यांची साक्ष समजून घेता येते. जन्मामुळे दोन जगांच्या मध्ये पडलेल्या माणसाने त्या मधल्या जागेची तक्रार केली नाही. तिचेच काम केले. भाषा शिकले, निरोप पोचवले, रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलले. दोन सत्तांमधले बोलणे तुटले, तेव्हा त्याची शिक्षा मध्ये उभ्या असलेल्यांना झाली. ज्या लोकांची भाषा त्यांनी आपली केली होती, त्यांच्यातल्याच वीस जणांबरोबर ते मेले. नागासाकीला जाणारा मराठी प्रवासी अणुबॉम्बच्या स्मारकापाशी मस्तक लववून परततो, आणि ते योग्यच आहे. तिथल्या रेल्वे स्थानकापासून निशिझाका टेकडी थोड्याच अंतरावर आहे. १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, तिथे शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या २६ ब्राँझमूर्तींची ओळ उभी राहिली. मेक्सिकोची माणसे तिथे आपल्या फेलिपेंना शोधतात. त्याच ओळीत वसईचा एक माणूस उभा आहे. त्याला ओळखायला आपल्याला कोणा दुभाष्याची गरज पडू नये.